लाखोळीचा निवाडा

दिवाळीच्या आगेमागे भंडारा जिल्ह्यातल्या बांध्यांत धान पिवळे पडू लागते. जमिनीत अजून ओल असते. कापणीला दोन-तीन आठवडे असताना शेतकरी उभ्या धानातच लाखोळीचे बी फोकतो. त्यासाठी नांगर लागत नाही, वखर लागत नाही, खतही कोणी घालत नाही. धान कापून खळ्यावर जाईपर्यंत खाली इवली रोपे उभी राहिलेली असतात आणि पुढे जमिनीतल्या ओलीवर नि दवावर ती वाढतात. पाणी साचले तरी हे पीक तगते, पावसाने पाठ फिरवली तरी तगते. डाळीत प्रथिने पंचवीस टक्क्यांच्या वर असतात. मुळांवरच्या गाठींमुळे पुढच्या धानाला नत्र मिळते, ते वेगळेच. कोवळ्या शेंड्यांची भाजी होते, डाळीचे वरण, वडे, भजी होतात, आणि भुसकट जनावरांना जाते. पवनी-लाखांदूरपासून थेट गोंदियापर्यंत (१ मे १९९९ पर्यंत गोंदियाही भंडारा जिल्ह्यातच होता) धानामागून लाखोळी हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे.

आणि हीच डाळ विकणे महाराष्ट्रात जवळजवळ अर्धे शतक गुन्हा होता. १९६१ साली अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत ४४-अ हा नियम आला. राज्य सरकार अधिसूचना काढून जी तारीख ठरवेल त्या तारखेपासून लाखोळी आणि तिचे पदार्थ विकायला त्याने मनाई केली. मध्य प्रदेश, बिहार, पश्चिम बंगाल या लाखोळीच्या मोठ्या मुलखांनी ती अधिसूचना काढलीच नाही, महाराष्ट्राने काढली. त्यामुळे वैनगंगेच्या खोऱ्यातला शेतकरी जे पिकवत होता आणि घरी खात होता, तेच बाजारात नेले की अपराधी ठरू लागला.

या बंदीमागे खरा रोग होता, हे आधी स्वच्छ सांगितले पाहिजे. लाखोळी हेच मुख्य अन्न होऊन दोन-तीन महिने गेले, की काही माणसांच्या पायांतली शक्ती जाते. स्नायू ताठरतात, गुडघे एकमेकांवर घासतात, चवड्यांवर भार देत काठीच्या आधाराने चालावे लागते. बुद्धी शाबूत राहते, आयुष्यही कमी होत नाही. पण पाय पुन्हा कधी सरळ पडत नाहीत. कष्ट करणाऱ्या तरुण पुरुषांवर हा घाला जास्त पडतो. मध्य भारतातल्या सागर भागातली अशी साथ ब्रिटिश अधिकारी कर्नल स्लीमनने लिहून ठेवली आहे. १८२९ मध्ये गारपिटीने गहू गेला, १८३० मध्ये पाऊस वेळेवर आला नाही, १८३१ मध्ये पिकावर रोग पडला. तिन्ही वर्षे लाखोळी मात्र जोमात होती. लोक तिच्यावर जगले आणि १८३३ पासून तिशीच्या आतली माणसे कमरेखाली लुळी पडू लागली. नेपल्सच्या कांतानी या वैद्याने १८७३ मध्ये या रोगाला लॅथिरिझम हे नाव दिले.

म्हणजे गावाला कारण ठाऊक होते: दुष्काळ पडला, दुसरे काही उरले नाही, लाखोळीच खाल्ली, पाय गेले. प्रयोगशाळेपुढचा प्रश्न वेगळा होता. दाण्यातला नेमका कोणता पदार्थ हे करतो, आणि तो किती असला म्हणजे करतो? या प्रश्नाचे उत्तर मिळायला विसावे शतक निम्म्याहून अधिक सरले. शास्त्रज्ञ हुशार नव्हते म्हणून हा उशीर झाला नाही. दाणे कसे निवडायचे, कोणत्या प्राण्याला खाऊ घालायचे, अर्क कशात काढायचा, मोजायचे कशाने, या रोजच्या कामाच्या पद्धती एकसारख्या ठरत नव्हत्या. आणि पद्धत बदलली की निवाडाही बदलत होता. माझ्या मते लाखोळीचा खरा इतिहास या पद्धतींच्या इतिहासात आहे. कायद्याची कलमे त्यामागून आली.

पद्धतींकडे असे पाहण्याची एक नजर आधीच तयार आहे. १९७५ साली ब्रुनो लाटूर हा फ्रेंच तरुण कॅलिफोर्नियातल्या सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये, रॉजर गिलमँ यांच्या प्रयोगशाळेत जाऊन बसला आणि सुमारे दोन वर्षे तिथल्या शास्त्रज्ञांचे काम पाहत राहिला. एखाद्या अनोळखी जमातीत राहून तिचे रीतिरिवाज टिपावेत, तसे त्याने उंदीर, नळ्या, नोंदवह्या, वाद आणि मसुदे टिपले. स्टीव्ह वूलगर यांच्यासोबतचे त्याचे पुस्तक १९७९ मध्ये आले. त्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट अशी: शरीरातले एखादे द्रव्य ‘आहे’ असे सगळे मान्य करतात, त्याआधी ते ओळखायची चाचणी कोणती यावर सगळ्यांचे एकमत व्हावे लागते. चाचणी पक्की नसेल तर द्रव्यही पक्के नसते. लाखोळीच्या प्रयोगशाळांत असा कोणी निरीक्षक बसला नव्हता, पण जुने शोधनिबंध त्या नजरेने वाचता येतात.

१९२५ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये अँडरसन, हॉवर्ड आणि सायमनसन यांचा लांबलचक निबंध आला. एक डॉक्टर, एक वनस्पतिशास्त्रज्ञ आणि एक रसायनशास्त्रज्ञ असे तिघांनी मिळून केलेले काम त्या काळात विरळाच. हॉवर्ड म्हणजे पुसाच्या शेती संस्थेत वर्षानुवर्षे भारतीय पिकांचे वाण निवडणारे अल्बर्ट हॉवर्ड; सायमनसन म्हणजे भारतीय विज्ञान काँग्रेसच्या दोन संस्थापकांपैकी एक. बाजारातली लाखोळी शुद्ध नसते, हे हॉवर्डसारख्या माणसाच्या नजरेतून सुटणे शक्य नव्हते. तिच्यात अकटा नावाच्या तणाचे दाणे मिसळलेले असतात. म्हणून त्यांनी आधी दाणे वेगळे केले, शुद्ध लाखोळी एकीकडे आणि अकटा दुसरीकडे, आणि बदकांना नि माकडांना दोन्ही स्वतंत्रपणे खाऊ घातले. शुद्ध लाखोळीने काही झाले नाही. अकट्याने प्राणी आजारी पडले, मेले. अकट्यातून त्यांनी विसिनसारखी विषारी द्रव्ये वेगळी करून दाखवली. निष्कर्ष उघड होता: दोष लाखोळीचा नाही, तणाचा आहे. बी निवडून घ्या, प्रश्न संपला.

हा निबंध वाचताना मला त्या तिघांबद्दल आदरच वाटतो. बी निवडून घेणे ही प्रयोगशाळेतली फार साधी, कंटाळवाणी गोष्ट आहे, आणि त्यांच्याआधीच्या बहुतेकांनी ती नीट केलेली नव्हती. नमुना शुद्ध नसेल तर पुढचे सगळे प्रयोग वाया जातात, हा धडा त्यांनी घालून दिला. पण दुसऱ्या पद्धतीत ते अडकले. प्रौढ बदक आणि माकड लाखोळी खाऊन धडधाकट राहिले, म्हणून माणूसही राहील, हे त्यांनी गृहीत धरले. पुढच्या साथींत अकटा नसलेली लाखोळी खाऊनही माणसे लुळी पडलेली दिसली, आणि निवडलेल्या बियांचा दिलासा टिकला नाही.

दरम्यान अमेरिकेत तिसराच घोळ वाढत होता. विस्कॉन्सिनमधल्या गायगर, स्टीनबॉक आणि पार्सन्स यांनी १९३३ मध्ये उंदरांना गोड वाटाण्याच्या फुलझाडाचे बी खाऊ घातले. ही लाखोळीची चुलत जात. उंदरांचे कणे वाकले, हाडे वेडीवाकडी झाली. त्यालाही लॅथिरिझम असेच म्हटले गेले. उंदीर स्वस्त, हाताळायला सोपा, दर आठवड्याला वजन करता येते, म्हणून पाश्चात्त्य प्रयोगशाळांनी तो उचलला, आणि वीस वर्षे ‘लॅथिरिझम’वरचे कितीतरी काम हे उंदराच्या हाडांवरचे काम झाले. १९५४ मध्ये त्यामागचे द्रव्य सापडले, बीटा-अमिनोप्रोपिओनायट्राइल. ते लाखोळीच्या दाण्यांत नसतेच. शेवटी हान्स सेल्ये यांनी १९५७ मध्ये हाडांचा एक रोग आणि मज्जासंस्थेचा दुसरा अशी फारकत केली. मध्य भारतातल्या सागर किंवा रेव्याच्या मजुराच्या हाडांना काही झालेले नव्हते. त्याच्या पाठीच्या कण्यातल्या मज्जातंतूंना इजा झाली होती. सोयीचा प्राणी निवडला म्हणून शास्त्र वीस वर्षे दुसऱ्याच रोगाच्या मागे लागले, याची हळहळ मला आजही वाटते. त्या वीस वर्षांत मध्य भारतात माणसे लुळी पडतच होती.

१९६२-६४ या तीन वर्षांत चित्र पालटले, आणि ते भारतीय प्रयोगशाळांनी पालटले. बेंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये पी. एस. सर्मा यांच्या जीवरसायन विभागात पी. आर. अडिगा, एस. एल. एन. राव आणि त्यांचे सहकारी, हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सी. गोपालन, नागराजन आणि रॉय, दिल्लीत टी. आर. शेषाद्री, मूर्ती आणि वेंकिटसुब्रमण्यन असे तीन गट एकाच वेळी या दाण्यामागे लागले. किल्ली ठरले कोंबडीचे पिल्लू. प्रौढ कोंबडीला काही होत नाही, पण काही दिवसांच्या पिल्लाला लाखोळीचा अर्क टोचला की थोड्याच वेळात त्याची मान मागे ओढली जाते, डोके वाकडे होते, झटके येतात. पिल्लाच्या मेंदूला रक्तातल्या द्रव्यांपासून वाचवणारा अडसर अजून पुरता तयार झालेला नसतो, म्हणून विष आत पोचते. हैदराबादच्या गटाने हा परिणाम १९६३ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये मांडला, त्याच वर्षी त्याच नियतकालिकात बेंगळुरूचा निबंधही आला.

आता अर्काचा कोणता भाग विषारी हे पाहायला महिनोन्‌महिने थांबायची गरज उरली नाही. बियांचे पीठ पाणीमिश्रित अल्कोहोलमध्ये खलायचे, अर्क आयन-विनिमय स्तंभातून उतरवायचा, थेंबाथेंबाने जमलेल्या नळ्या वेगळ्या ठेवायच्या आणि प्रत्येक नळीतला अंश पिल्लाला टोचून पाहायचा. मान वळली ती नळी ठेवायची, बाकीच्या बाजूला. पुन्हा स्तंभ, पुन्हा पिल्लू. असे करत करत एक स्फटिकरूप अमिनो आम्ल हाती आले. १९६४ मध्ये राव, अडिगा आणि सर्मा यांनी त्याची रचना ‘बायोकेमिस्ट्री’ या अमेरिकन नियतकालिकात प्रसिद्ध केली, आणि त्याच वर्षी दिल्लीच्या गटाचाही शोध छापून आला. लांबलचक रासायनिक नावाचे पुढे ओडॅप असे लघुरूप रूढ झाले. शतकभर ‘लाखोळीतले काहीतरी’ एवढेच म्हणता येत होते. आता ते द्रव्य बाटलीत होते. १९६७ मध्ये रावांच्या गटाने माकडाच्या मज्जारज्जूभोवतीच्या पोकळीत ते थेट टोचून पाय लुळे पडतात हेही ‘नेचर’मध्ये दाखवले.

तरी पिल्लाची मान आणि माणसाचे पाय यांत अंतर राहिलेच. पिल्लाला तासाभरात झटके येतात, माणूस महिनोन्‌महिने खाऊन हळूहळू अधू होतो. ते अंतर पुढे न्यूयॉर्कच्या पीटर स्पेन्सर यांच्या गटाने बरेच कमी केले. नीट पोसलेल्या माकडांना दीर्घकाळ लाखोळी आणि ओडॅप खाऊ घालून दिसलेला परिणाम त्यांनी १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडला.

इथे तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. बंदीचा नियम १९६१ चा. विष ओळखले गेले १९६३-६४ मध्ये. म्हणजे सरकारने बंदी घातली तेव्हा कोणत्या द्रव्यावर घातली हे कोणालाच सांगता येत नव्हते, आणि ते किती हे मोजण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. साथी ताज्या होत्या, लोक आयुष्यभरासाठी अधू होत होते. त्यामुळे त्या क्षणी बंदी घालणाऱ्यांना मी दोष देणार नाही. पण नियमात ‘किती’ हा शब्द नव्हता, आणि विष सापडल्यावरही तो घातला गेला नाही, हे मला खटकते.

‘किती’ विचारायला सोपी मोजणी हवी होती. ती राव यांनीच दिली. १९७८ मध्ये ‘ॲनालिटिकल बायोकेमिस्ट्री’त त्यांची रंगमापन पद्धत आली, आणि जगभरात, इथिओपियापासून कॅनडापर्यंत, लाखोळीवर काम करणाऱ्यांनी ती उचलली. कृती थोडक्यात अशी. दाणे दळून अल्कोहोलमिश्रित पाण्यात अर्क काढायचा. त्यात पोटॅशचा अल्क मिसळून उकळत्या पाण्यात ठेवायचा, म्हणजे ओडॅप फुटून डायअमिनोप्रोपिओनिक आम्ल सुटे होते. मग त्यात ऑर्थोथॅलाल्डिहाइड हे अभिकारक घालायचे. नळीत पिवळा रंग चढतो. जितके आम्ल, तितका रंग गडद. रंगमापकात ४२० नॅनोमीटरला वाचन घ्यायचे, आणि माहीत असलेल्या प्रमाणांच्या नळ्यांशी ताडून टक्केवारी काढायची. स्तंभ नको, पिल्लू नको. एका दिवसात कितीतरी नमुने होतात. वाण निवडणाऱ्यांना तर हे वरदानच होते. लाखोळीत ओडॅपचे प्रमाण वाणागणिक दशांश टक्क्यापासून दोन टक्क्यांच्या वरपर्यंत जाते. त्यातले कमी विषाचे वाण शोधायचे तर हजारो झाडांचे दाणे तपासावे लागतात.

या पद्धतीलाही तिची मर्यादा आहे, आणि ती समजून घेण्यासारखी आहे. ई. ए. बेल आणि ओ’डोनोव्हन यांनी १९६६ मध्येच दाखवले होते की ओडॅपची दोन रूपे असतात, अल्फा आणि बीटा, आणि ती एकमेकांत बदलतात. डाळ शिजवताना बीटाचा एक भाग अल्फात जातो. विषारी मुख्यतः बीटा. पिवळा रंग मात्र दोन्हींचा सारखाच येतो. दोघांनी एकाच पोत्यातली डाळ तपासली, एकाने कच्ची, दुसऱ्याने शिजवून, तर वाचन जवळपास सारखे येईल, पण पोटात जाणारे विष वेगळे असेल. शिवाय तेच बियाणे एका जिल्ह्यात कमी ओडॅप देते आणि कोरड्या वर्षी दुसऱ्या जिल्ह्यात जास्त. त्यामुळे एका गावच्या एका नमुन्याच्या आकड्यावरून साऱ्या विदर्भाच्या लाखोळीबद्दल बोलणारे दोन्ही बाजूंचे लोक मला उतावळे वाटतात.

घरच्या कृतींचाही हिशेब झाला होता. मोहन, नागराजन आणि गोपालन यांनी १९६६ मध्येच दाखवले की डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी ओतून दिले की बरेचसे विष त्या पाण्याबरोबर निघून जाते, कारण ओडॅप पाण्यात सहज विरघळते. स्वयंपाकघरात पोचावे असे हे ज्ञान होते, पण बंदी असलेल्या डाळीची कृती सरकारी पत्रकात छापणार कोण? बंदीने लाखोळी खाणे थांबले नाही. ती चण्याच्या, तुरीच्या डाळीत मिसळून विकली जाऊ लागली, आणि अन्न निरीक्षकाच्या शिकवणीत ती फक्त भेसळ म्हणून उरली: एका बाजूला उतरता, चौकोनी, पाचरीसारखा दाणा दिसला की पकडा. आपण काय खातो हे खाणाऱ्यालाच कळू नये, अशी ही अवस्था होती.

नागपूरचे डॉ. शांतीलाल कोठारी यांनी अकॅडमी ऑफ न्यूट्रिशन इम्प्रूव्हमेंटतर्फे या बंदीविरुद्ध वर्षानुवर्षे झुंज दिली. निवेदने दिली, उपोषणे केली. पूर्व विदर्भात भाताबरोबर वरण, भाजी, वडे या रूपात लाखोळी खाणाऱ्या पिढ्या पायांवर उभ्या आहेत, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. त्यांचे सगळे दावे मला मान्य नाहीत. सागर-रेव्याच्या साथी खऱ्या होत्या आणि विष खरे आहे. पण ताटातला एक घास आणि तीन महिने ताटात दुसरे काहीच नसणे यातला फरक ते लावून धरत होते, आणि तो फरक शास्त्राच्या बाजूनेही बरोबर होता. २००८ मध्ये महाराष्ट्राने बंदी उठवली.

विष शोधणारे एस. एल. एन. राव पुढे हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात गेले. २०११ मध्ये त्यांनी ‘फूड अँड केमिकल टॉक्सिकॉलॉजी’त लाखोळीच्या उजळ बाजूंवर निबंध लिहिला. चिनी वैद्यकात रक्तस्राव थांबवायला वापरल्या जाणाऱ्या एका मुळीतले डेंसिचिन हे द्रव्य म्हणजे ओडॅपच, हे त्यांनी मांडले. लाखोळीतल्या होमोअर्जिनिन या दुसऱ्या अमिनो आम्लाचे गुण सांगितले. ज्या माणसाने आरोपी पकडून दिला, त्यानेच जवळजवळ पन्नास वर्षांनी आरोपीची बाजू ऐकून घ्या म्हणावे, हे मला शास्त्रज्ञाच्या प्रामाणिकपणाचे मोठे उदाहरण वाटते. त्यांनी जुना शोध मागे घेतला नाही. मात्रा, आहार आणि परिस्थिती यांच्यासह तो वाचा, एवढेच म्हटले.

राष्ट्रीय पोषण संस्थेचे पथक नंतर गोंदिया जिल्ह्यातल्या पाच गावांत गेले. घरोघरी आदल्या दिवशी काय खाल्ले हे विचारले, वजन-उंची मोजली, डाळीचे नमुने नेऊन ओडॅप तपासले. अहवाल २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. इतकी वर्षे वेगवेगळ्या टेबलांवर विखुरलेल्या तीन गोष्टी, म्हणजे माणसाचे पाय, त्याचे ताट आणि त्याच्या घरचा दाणा, इथे एकाच पाहणीत एकत्र आल्या. २०१६ च्या सुरुवातीला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने रतन, प्रतीक आणि महातिवडा या कमी विषाच्या तीन वाणांना हिरवा कंदील दिला. केंद्राच्या २०११ च्या अन्नसुरक्षा विनियमांत मात्र जुन्या ४४-अ ची भाषा तशीच उतरली आहे: राज्य ठरवेल त्या तारखेपासून विक्रीला मनाई. ‘किती’ हा शब्द तिथेही नाही.

तुमसरच्या किंवा पवनीच्या बाजारात लाखोळीचे पोते घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याला आपल्या मालात ओडॅप किती हे विचारता आले पाहिजे, आणि घेणाऱ्यालाही. त्यासाठी नव्या शोधाची गरज नाही. पद्धत १९७८ पासून छापलेली आहे, आणि ४२० नॅनोमीटरला वाचन घेणारे उपकरण पदवीचे रसायनशास्त्र शिकवणाऱ्या महाविद्यालयात सहसा असतेच.